ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडतंय? डिस्क बदलण्याआधी हे मोजून बघा

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की ही तक्रार हमखास येते. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली ठोके देतं, कधी स्टिअरिंगही थरथरतं, आणि वेग कमी होईल तसे ठोके संथ होत जातात. गॅरेजमध्ये उत्तर तयारच असतं: ‘डिस्क बेंड झाली, जोडी बदलून टाका.’ जोडी बदलली जाते, पाच-सहा हजार किलोमीटर गाडी गुण्यागोविंदाने चालते आणि मग तेच ठोके परत. या खेपेला दोष नव्या डिस्कच्या ‘डुप्लिकेट माला’वर जातो. माल खराब असतोही कधीकधी. पण मूळ कारण बऱ्याचदा जुन्या डिस्कसोबत निघून गेलेलंच नसतं. ते हबवरच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) गंजात, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारी पकड) अडकलेल्या पिनेत किंवा पाइप लावून आवळलेल्या चाकाच्या नटांत तसंच बसलेलं असतं. ते सापडेपर्यंत डिस्कवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढची सगळी माहिती पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट. बोलेरो-सुमोला तत्त्व हेच, आकडे मात्र त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्यावेत.

ठोका पायापर्यंत येतो कसा

डिस्क दोन प्रकारे बिघडते आणि या दोहोंत गल्लत झाली की निदान चुकतं. पहिला प्रकार म्हणजे डोल. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असते, पण फिरताना ती डावी-उजवीकडे झुलते. यालाच रनआउट म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे जाडीतली तफावत, एका जागी डिस्क जाड आणि दुसऱ्या जागी पातळ.

पेडलला ठोका देते ती मुख्यतः जाडीतली तफावत. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे ढकलला जातो, त्याने ब्रेक ऑइल मागे सरकतं आणि तो धक्का पेडलपर्यंत पोचतो. तफावत किती लागते? ०.०२ मिलिमीटरही पुरते. कॅलिपरचा पिस्टन ५० मिमी आणि पेडलने दबणारा मास्टर सिलिंडर २० मिमी व्यासाचा धरला तर क्षेत्रफळाचं प्रमाण सहापटीच्या थोडं वर जातं. त्यात पेडलच्या दांड्याचे सुमारे चार पट धरले की डिस्कवरचे ०.०२ मिमी पायाखाली जवळपास अर्धा मिलिमीटर होतात. एका सेकंदात असे नऊ-दहा ठोके बसले की पायाला ते स्पष्ट कळतात.

नुसता डोल असेल तर सरकत्या कॅलिपरच्या गाडीत तो सुरुवातीला फारसा जाणवतही नाही, कारण कॅलिपर डिस्कसोबत थोडा इकडे-तिकडे होतो. खरा घात होतो तो ब्रेक न दाबता गाडी चालवताना. डोलणाऱ्या डिस्कचा पुढे आलेला भाग दर फेरीत पॅडला चाटून जातो आणि तेवढीच जागा झिजत राहते. काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी झालेली असते आणि ठोके सुरू होतात. नवी डिस्क आधी चांगली चालून नंतर का बिघडते, त्याचं उत्तर हे आहे. ज्या दिवशी ती गंजलेल्या हबवर बसली, त्याच दिवशी बिघाडाची सुरुवात झालेली असते.

तफावत येण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक, तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल एका जागी चिकटणं. दोन, गाडी पावसाळाभर अंगणात उभी राहणं: उघड्या डिस्कवर गंज चढतो, पॅडखालची जागा वेगळी राहते आणि तिथे पॅडचा छाप उमटतो. वर्षातून चार वेळा लग्नकार्यापुरती बाहेर निघणाऱ्या गाड्यांना हे फार होतं. ‘गाडी तर चाललीच नाही, मग डिस्क कशी गेली?’ असं मालक विचारतात. ती चालली नाही म्हणूनच गेली.

डिस्क ओतीव लोखंडाची असते. ती पत्र्यासारखी सहजासहजी वाकत नाही, म्हणून ‘बेंड’ हा शब्द ऐकला की किती बेंड, कुठे बेंड आणि कशाने मोजली, एवढं विचारावं.

आधी रस्त्यावर

निघण्यापूर्वी टायरमधली हवा बघा आणि चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीची यात खास भूमिका आहे. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी गेली की रिमच्या आत चिखलाचा गोळा बसतो आणि उन्हाने वाळून घट्ट होतो. त्याने चाकाचा बॅलन्स इतका बिघडतो की सत्तर-ऐंशीला सगळी गाडी हलते. तो गोळा काढून धुतल्याशिवाय ब्रेकची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

पहाटेच्या वेळी सरळ, रिकामा बायपास निवडा. ऐंशीपर्यंत जा आणि ब्रेकला पाय लावू नका. थरथर याच वेळी असेल तर बॅलन्सिंग, टायरवर आलेला फुगा किंवा वाकलेली रिम बघा. ब्रेक हा नंतरचा विषय. गाडी शांत असेल तर मागे कोणी नाही याची खात्री करून हलक्या, एकसारख्या दाबाने वेग वीसपर्यंत आणा. जोरात दाबू नका. हलक्या दाबात ठोके जास्त स्पष्ट कळतात.

ठोके चाकाच्या फेरीशी जुळतात का, ते बघा. छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.६ ते १.८ मीटर जातं. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला नऊ-दहा ठोके आणि ३० ला त्याच्या निम्मे. वेगासोबत ठोके संथ होत गेले तर डिस्क किंवा ड्रम. वेग कितीही असो, पेडल तसंच करकरत असेल आणि गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते काम एबीएसचं. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर ते थोडं धडधडणारच, तो दोष नाही. पण कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता दहाच्या वेगाला ते उगाच जागं होत असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी रिंग बघावी लागेल.

स्टिअरिंग हलतं की सीट, यावरूनही अंदाज येतो. हातात थरथर असेल तर पुढची चाकं, बुडाखाली असेल तर मागची. हा नुसता अंदाज आहे, निकाल नव्हे. मागच्यांची खात्री हँडब्रेकने करता येते. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरा आणि दांडा हळूहळू ओढा. बटण सोडू नका, म्हणजे दांडा अडकणार नाही. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. त्याने गाडीला हाबके बसले तर दोष मागे आहे आणि तुम्ही पुढच्या डिस्कवर होणारा खर्च वाचवला. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर हा प्रयोग करू नये.

आणखी एक बघावं: ठोके थंड ब्रेकला येतात की तापल्यावर? थंड असतानाच येत असतील तर झीज, गंज किंवा डोल. औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावरच येत असतील तर अडकलेला कॅलिपर, चिकटलेला माल किंवा डिस्कमधले कडक झालेले ठिपके.

गावात कधी न जाणवलेले ठोके समृद्धी महामार्गावरून खाली उतरताना पहिल्यांदा कळले, असंही अनेकांचं होतं. शंभरच्या वेगातली ऊर्जा पन्नासच्या चौपट असते आणि तिच्यातला मोठा वाटा त्या दोन डिस्कांना पचवावा लागतो. गाडी समृद्धीने बिघडवलेली नसते, दोष आधीचाच असतो.

या फेरीहून आलात की लगेच चारही चाकांजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, भाजेल. एक चाक इतरांपेक्षा फार तापलेलं वाटलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन मिळाली तर उत्तम. डाव्या-उजव्या डिस्कमधला मोठा फरक हाच पुरावा.

चाक उघडण्याआधी थोडं

मातीच्या अंगणात जॅक लावू नका, विशेषतः काळ्या मातीत. वरून टणक दिसते आणि वजन आलं की जॅक कलतो. फरशी किंवा काँक्रीट हवं. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. पॅडची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा.

नट सोडताना हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. एक नट सहज सुटला आणि शेजारच्याला पान्ह्यावर उभं राहावं लागलं, तर तिथेच अर्धं निदान झालं. छोट्या गाड्यांचे नट साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पाव मीटर लांबीच्या पान्ह्यावर हा जोर सुमारे ३५ ते ४० किलोचा. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात अर्ध्या मीटरचा पाइप लावून ७५ किलोचा गडी त्यावर उभा राहिला, तर होतात ३६० न्यूटन-मीटरच्याही वर, म्हणजे जवळपास चौपट. त्यातही एक नट असा आणि दुसरा तसा. डिस्क हब आणि रिमच्या मध्ये दाबलेली असते, असमान ओढीने तिची बैठकच तिरकी होते. पंक्चर काढून आल्यावर दोन महिन्यांत धडधड सुरू झाली असेल तर संशयाची सुई आधी इथे वळवा.

डोळ्यांनी आणि हातांनी

चाक काढण्याआधी वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. आडवं धरून हलवा, खेळ असेल तर टाय रॉडचं टोक. बेअरिंग ढिलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतील, म्हणून ते आधी बदला. लोअर आर्मचे बुश गेलेले असतील तर छोटासा ठोका मोठी थरथर होऊन स्टिअरिंगला पोचतो. अशा वेळी काहीजण बुश बदलतात, थरथर कमी होते आणि दोष मिटला असं वाटतं. पेडल मात्र ठोके देतच राहतं.

आता कॅलिपर. दोन बोल्ट सोडून तो काढा आणि तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही जवळपास सारखेच झिजायला हवेत. आतला फार झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल तर बहुधा स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) अडकल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असेल तरीही तोच संशय.

आपल्याकडे या पिना अडकायचं कारण मुख्यतः धूळ. रस्त्यांची कामं वर्षानुवर्षं चालतात, मुरमाची बारीक धूळ फाटलेल्या रबरी टोपीतून आत जाते आणि ग्रीसची काळी पेस्ट होते. पिना ओढून काढा, पुसा, भोकं साफ करा, रबर फाटलं असेल तर बदला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. बेअरिंगचं किंवा चेसिसचं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पिन हाताने सरकली पाहिजे, हातोडीने नव्हे. या साफसफाईला फारसा खर्च नाही, पण सर्व्हिसिंगच्या बिलात ‘ब्रेक क्लीनिंग’ लिहिलेलं असूनही ही पिन उघडलेली क्वचितच दिसते.

चाक हाताने फिरवताना अडकत असेल तर एक सोपी परीक्षा आहे, पण ती कॅलिपर जागेवर बसवलेला असतानाच करायची. सहायकाला पेडल दाबून सोडायला सांगा. चाक घट्टच राहिलं तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा, ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) थोडा सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब वरच अडकला आहे. त्याचं कारण बहुधा आतून फुगलेला जुना रबरी पाइप, तो ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक घट्टच असेल तर पिस्टन किंवा पिन. ऑइल रंगावर पडलं तर रंग उडतो, म्हणून पाणी जवळ ठेवा. नंतर निपल आवळून पेडल कडक आहे का ते बघा, मऊ वाटलं तर हवा शिरली आहे, ब्लीडिंग करा.

ब्रेक ऑइल बदलून धडधड जात नाही. ऑइलमध्ये हवा असेल तर पेडल मऊ लागतं, ठोके देत नाही. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचंही तेच. यासाठी कोणी बूस्टर बदलायला सांगितला तर दुसरं गॅरेज बघा.

डिस्कच्या चेहऱ्याकडेही नीट बघा. निळे-जांभळे ठिपके म्हणजे ती जागा फार तापून लोखंड कडक झालंय. ते ठिपके खोलवर जातात, वरवर कटिंग केलं तरी काही दिवसांत परत उठतात. अशी डिस्क टाकून द्यावी. काठापर्यंत गेलेली चीर असेल तर विचारही करू नका. पॅडच्या आकाराचा काळपट किंवा गंजाचा ठसा दिसला तर आशा आहे.

डायल गेज: खरं काम इथे

डायल गेज (टोक टेकवलं की बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) आणि चुंबकाचं स्टँड, बस्स. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसीत काम करणारा कोणी ओळखीत असेल तर हे साधन त्याच्या रोजच्या हातातलं असतं. जालना, लातूर, नांदेडच्या लेथवाल्यांकडेही मिळतं. ०.०१ मिमीचा लीस्ट काउंट हवा, म्हणजे तेवढा बारीक फरक गेजवर वाचता आला पाहिजे. डोळ्याने किंवा खडू धरून ०.०५ मिमी दिसत नाही. ‘बघितलं, डिस्क डोलतेय’ असं म्हणणाऱ्याला जर ते नुसत्या डोळ्याने दिसलं असेल तर दोष फार मोठा आहे किंवा त्याने डिस्क नीट बसवलेली नाही.

चाक काढल्यावर अनेक गाड्यांत डिस्क हबवर सैल राहते. म्हणून नट उलटे किंवा वायसर घालून परत लावा, फुलीच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा, सारखे आवळा. हे टाळलं तर तुम्ही डिस्कचा नव्हे, तिच्या सैलपणाचा डोल मोजाल. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. गेजचं स्टँड कॅलिपरच्या ब्रॅकेटजवळच्या घट्ट भागाला लावा आणि टोक डिस्कच्या बाहेरच्या काठापासून सुमारे १० मिमी आत, पृष्ठभागाला काटकोनात टेकवा. शून्य करा. डिस्क हाताने हळू फिरवा, पुढे-मागे ओढू नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यातला फरक म्हणजे डोल. तो जिथे सर्वाधिक, तिथे खडूने खूण करा. हबच्या स्टडवरही (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) खूण करा, पुढे ती लागेल.

मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. छोट्या गाड्यांना बहुतेक ०.०५ ते ०.१० मिमी. त्याच्या वर आकडा आला तर पुढची पायरी, आणि खरी मेख इथे आहे.

डिस्क काढा. हबची बैठक आणि डिस्कच्या टोपीची (मधल्या उंच भागाची) आतली बाजू बघा. बहुतेकदा तिथे गंजाचे पापुद्रे असतात. किती जाड लागतात? हबची बैठक सुमारे १०० मिमी व्यासाची आणि डिस्क २२० मिमीची धरा. बैठकीच्या एका कडेला ०.०५ मिमीचा, म्हणजे वहीच्या एका कागदापेक्षाही पातळ पापुद्रा राहिला तर डिस्कच्या काठावर डोल होतो ०.११ मिमी. मर्यादा ओलांडली आणि डिस्क अजून नवीच आहे!

म्हणून तारेच्या ब्रशने, मग एमरी पेपरने हबची बैठक आणि स्टडच्या मुळाभोवतीची जागा धातू चमकेपर्यंत साफ करा. स्टडच्या मुळाशी कोपऱ्यात अडकलेला गंज हाताला जाणवतो. डिस्कच्या आतल्या बाजूलाही तेच. ग्रीस थापू नका. आता नुसत्या हबच्या बैठकीवर डायल लावा. तिथेच ०.०५ मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त डोल असेल तर हब किंवा बेअरिंग खराब आहे आणि कोणतीही डिस्क टिकणार नाही. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत असं होतं.

हब चांगला निघाला तर डिस्क परत बसवून मोजा. आकडा निम्म्यावर आला तर गंजच दोषी होता. नाही आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा, मोजा. चारही जागी मोजा. सर्वाधिक डोलाची जागा डिस्कवरच्या खुणेसोबत सरकली तर डोल डिस्कचा, हबच्या खुणेपाशीच राहिली तर डोल हबचा. मधलं काही आलं तर दोघांचा मिळून. चारपैकी ज्या जागी आकडा सर्वांत कमी, तिथेच डिस्क कायम ठेवा. मर्यादेत आला तर एकही भाग न बदलता काम झालं.

जुन्या काही गाड्यांत डिस्क हबच्या मागे बोल्टने बांधलेली असते आणि हब ओढूनच काढावा लागतो. ते काम पुलर आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पान्हा) असलेल्या गॅरेजचं. पण तेव्हाही मधली बैठक साफ झाली का, ते उभं राहून बघा.

जाडी मोजताना

यासाठी व्हर्निअर चालत नाही. डिस्कच्या काठावर झिजेने उरलेली एक धार असते, व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि आकडा खोटा येतो. मायक्रोमीटर घ्या. काठापासून १० मिमी आत, गोलाकार सारख्या अंतरावर आठ जागा खुणावून मोजा आणि वहीत लिहा. सर्वाधिक आणि सर्वांत कमी यांत ०.०२ मिमी किंवा त्याहून जास्त फरक दिसला की ठोक्याचं कारण हाती लागलं.

किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेला असतो. गंजाखाली दिसत नसेल तर ब्रश मारा. अनेक छोट्या गाड्यांची साधी डिस्क नवी असताना १० मिमीच्या आसपास असते आणि ८ च्या जवळ आली की निकामी. मधून हवा खेळणारी डिस्क जाड असते, तिची मर्यादा वेगळी. किमान जाडीच्या खालची डिस्क लवकर तापते, कटिंगचा तर प्रश्नच येत नाही.

मागचे ड्रम

हँडब्रेकच्या चाचणीत दोष मागे निघाला असेल तर ड्रम काढून आतला व्यास तीन-चार दिशांनी मोजा. कमाल व्यास ड्रमवरच लिहिलेला असतो. व्यास दिशेनुसार बदलत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. घाट उतरून लगेच हँडब्रेक खेचून गाडी उभी करण्याची सवय याला हातभार लावते. व्हील सिलिंडर गळतोय का तेही बघा. लायनर ऑइलने भिजले असतील तर धुऊन वापरू नका, बदला.

मोजलं, आता काय करायचं

डोल मर्यादेत, जाडीही पुरेशी, फक्त छाप किंवा चिकटलेला माल असेल तर डिस्कचा चेहरा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पेपरने सगळीकडे सारखा घासा, पॅडवरची चमक घासून काढा आणि पुढे सांगितलेल्या रीतीने ब्रेक बसवून घ्या. बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुधारतात.

जाडीत तफावत आहे पण डिस्क किमानपेक्षा बरीच जाड आहे, तर कटिंग. इथे लेथवाल्याला दोन गोष्टी सांगा. डिस्क बाहेरच्या काठाने तीन जबड्यांच्या चकमध्ये धरू नये. तिची हबवर बसणारी साफ केलेली बैठक टेकवून, मधल्या भोकावर सेंटर करून, नटांच्या भोकांतून बांधावी. आणि शेवटचा कट बारीक असावा, दोन्ही बाजू त्याच बांधणीत काढाव्यात. उलटून दुसऱ्यांदा बांधली की समांतरपणा गेला. ‘डिस्क काढली, लेथवर साफ केली’ एवढंच सांगून आणून दिलेली डिस्क घरी मायक्रोमीटरने तपासा. मला विचाराल तर अल्टो-८०० च्या पातळ डिस्कला कटिंगपेक्षा नवी जोडी बरी, कारण कटिंगनंतर मर्यादेपर्यंत फारसं काही उरत नाही. स्विफ्टच्या जाड, हवा खेळणाऱ्या डिस्कला मात्र कटिंग परवडतं.

बदलायची वेळ आली तर दोन्ही बाजूंच्या एकदम आणि पॅडही नवे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर असतात. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो, तो ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. पेट्रोल-डिझेलने नको. मग नव्या डिस्कवरही डायल लावून बघा. दुकानातून आलेली म्हणून ती सरळ असेलच असं नाही, आणि फिरवून चारपैकी चांगली जागा शोधण्याची युक्ती इथेही चालते.

परत जोडताना

पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलची बाटली बघा. भरलेली असेल तर थोडं काढा, नाहीतर वरून सांडेल. नट क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. रेंच नसेल तर निदान गाडीसोबत आलेल्या पान्ह्याने, पाइप न लावता.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जातं. अंगणातल्या भिंतीवर गाड्या आदळतात त्या याच वेळी.

नवे पॅड किंवा घासलेली डिस्क बसवून घ्यायची ती अशी: रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून मध्यम दाबाने १५-२० पर्यंत या, पूर्ण थांबू नका. परत वेग घ्या, अर्धा मिनिट जाऊ द्या, पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा. शेवटी दहा मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवत राहा, म्हणजे डिस्क हवेने थंड होईल. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसायला हवा. मध्येच थांबून पाय दाबून धरलात तर तिथे पॅडचा ठसा उमटतो.

टोलनाक्यावर किंवा घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवरही तोच नियम. उतारावरून तापून आलात तर पेडल दाबून उभे राहू नका, सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. घाट ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. आणि म्हैसमाळ किंवा वेरूळच्या बाजूने घाट उतरून थेट वॉशिंग सेंटरवर जाऊन तापलेल्या चाकांवर प्रेशरचं पाणी मारून घेऊ नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मे महिन्यात पारा ४२ ला असतो, गाडी थांबल्यावर डिस्क थंड व्हायला वेळ लागतो.

शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा टॉर्कने तपासा. पुढच्या सर्व्हिसिंगला चाकं निघतील तेव्हा डायल आणि मायक्रोमीटर परत लावा आणि आकडे पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. डोल तोच आणि जाडीचा फरक ०.०१ च्या आत असेल तर दोष मुळापासून गेला. डोल तोच, पण फरक वाढत चालला असेल तर पॅड कुठेतरी चाटतोय, पुन्हा स्लाइड पिनांपासून सुरुवात करा.